न्यूट्रल

वडगावात माग थांबल्याशिवाय आमचा माइक उघडत नाही.
म्हणून अमावास्या आम्हाला सणासारखी:
विणकर त्या दिवशी धोट्याला हात लावत नाहीत,
आणि अनसूया बिर्जे सकाळी नवाला डबा घेऊनच येते
दिवसात सहा भाग रडायला.

मालिका कुणाची, मला अजून नीट सांगता येत नाही.
गोष्ट बोगोटातल्या कंपनीची,
चित्रीकरण मेक्सिकोत, पैसा माद्रिदचा,
विकणारे मायामीत बसतात.
इकडचे हक्क अंधेरीत कुणीतरी घेतले,
अंधेरीनं पुण्याला दिलं, पुण्यानं आम्हाला.
एवढी गावं फिरून आलेला पैसा
मिनिटाला चाळीस रुपये उरतो,
त्यातच मल्लेशच्या जनरेटरचं डिझेल.

सोबत एक कागद आला होता:
नायिका ओठ मिटते तिथं प, ब, म ठेवा.
हुंदके मूळचेच चालतील.
भाषा न्यूट्रल.

म्हणजे अनसूयाच्या तोंडातलं
"कुठं जाऊन आलीस की गं, अव्वा?" चालत नाही.
"कुठे गेली होतीस, बाळा?"
असं आमच्या गल्लीत कुणी विचारलं
तर पोरीला वाटेल, घरी पाहुणे आलेत.

बसवू की, म्हणते ती.
कानडीतली आई सकाळी, मराठीतली दुपारी,
दोन्ही तीच.
मधे जेवताना जी येईल ती.

एकोणतिसाव्या भागात थोडी फीत कापायची राहिली होती.
दृश्य संपलं, दिवे गेले,
आणि जिचे ओठ आम्ही इतके महिने मोजत होतो
ती बाई कुणावर तरी चिडून
भरभर बोलायला लागली,
भलत्याच आवाजात.
मल्लेशनं हेडफोन कानाशी दाबला:
"हिचा य बघ. श होतोय."

पुढच्या अमावास्येला पुण्याचा पोरगा फोनवर म्हणाला,
ती अर्जेंटिनाची, रोसारियो गावची.
तिचं बोलणं सगळीकडे खपत नाही म्हणे,
म्हणून तिच्यावर दुसरीच कुणी बोलली आहे,
मेक्सिकोत, एका खोलीत.

म्हणजे एकोणतीस भाग आम्ही
तिचा नव्हे,
त्या खोलीतल्या बाईचा गळा धरून चाललो होतो.

अनसूया काही बोलली नाही.
डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली,
"लाव की परत. ते चिडलेलं."

मल्लेशनं लावलं.
तिसऱ्या खेपेला तिचे ओठ हलू लागले,
अर्थ कळत नव्हता, राग बरोबर बसत होता.
चौथ्यांदा लावणार
तोवर बाहेर अमावास्या सुटली,
कुणीतरी पहिला माग चालू केला.