अकरा पोती

महापे, चौथा मजला. काचेपलीकडे
पारसिकचा डोंगर, अर्धा खणलेला.
अलीकडे माझी क्वेरी, चौदा ओळींची,
आणि तिचा हट्ट, की सगळं जुळलंच पाहिजे.

व्यापारी एका तक्त्यात, गाळे दुसऱ्यात,
आवक, तोल, पावती, गाडी,
सगळी आपापल्या घरात दार लावून.
सोयरिकीच्या बैठकीला बसवावीत तशी
एकेका आकड्याची ओळख सांगून
मी त्यांना शेजारी शेजारी बसवते.

आधीच्याने लिहिलेलं तर औरच होतं.
प्रत्येक पोत्यासाठी नव्याने डेटाबेसकडे जायचा तो,
जसं कुणी किलोभर मिरची आणायला निघावं
आणि तुर्भ्याहून कोपरखैरण्याला
एकेक मिरची घेऊन यावं,
चप्पल काढावी, मिरची ठेवावी, चप्पल घालावी.
ते मी मोडलं.
चाळीस सेकंदांचा अहवाल दीडवर आला.
सगळे खूश. मीही, जेवणापर्यंत.

मग मसाला बाजारातून फोन:
मॅडम, आमची अकरा पोती कुठे गेली?

दुपारी गेले. गल्लीच्या तोंडालाच ठसका.
नारायण चिकणे, तोलणार, मेढ्याकडचे,
कानावर पेन्सिल, भुवयांवर लाल भुकटी.
वही उघडली. वितीएवढी ओळ:
'ब्याडगी ११, धरोडांचा गाळा, गाडी आली, पावती राहिली.'
सहा तक्ते. एक ओळ. दोन स्वल्पविराम जास्तीचे.

पावती का राहिली?
'शेठच्या घरी मयत झालं. गाळ्याला कुलूप.
माल काय उन्हात ठेवायचा?
तोलला, शेजारच्याकडं लावला.'
आणि उद्या कुणी विचारलं तर?
ते माझ्याकडे बघत राहिले.
'तोललंय ना मी.'

परत येऊन एकच शब्द बदलला.
जुना शब्द दारात उभा राहून म्हणायचा,
दोन्हीकडे नाव असेल त्यालाच आत सोडा.
नवा म्हणतो, डावीकडचे सगळे येऊ देत,
उजवीकडे त्यांचं कुणी असो नसो.

आली अकरा पोती. पावतीच्या रकान्यात
काहीच नाही, पांढरं.

सौमित्र म्हणाला, तिथे शून्य टाक,
क्लायंटला रिकामं दिसलं की तो घाबरतो.
म्हटलं, शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही.
इथे अजून कुणी मोजलेलंच नाही, बाबा,
इथे तेराव्यापर्यंत कुलूप आहे.
त्याने खांदे उडवले. रकाना तसाच राहिला.

रात्री रबाळ्याच्या सिग्नलला थांबले.
ओढणीला अजून बाजाराचा वास.
उगाच बरं वाटत होतं,
आणि त्या नादात
मी डोळा चोळला.