बसणं

डॉक्टर शीजा हिंदीत विचारतात, कब से?
कागदावर आडवी रेघ ओढलीय त्यांनी,
एका टोकाला जानेवारी, एका टोकाला आज,
आणि पेन माझ्याकडे सरकवलंय.

मी क्रेन ऑपरेटर. सोहार बंदर, रात्रपाळी.
वजन सांगा, अंतर सांगा,
बूम किती कलेल ते तक्त्यात बघून सांगतो.
हे कुठल्या तक्त्यात बघू?

फेब्रुवारीत मुनाफ गेला. धाकटा.
मय्यत मी फोनवर पाहिली.
कुणीतरी फोन उलटा धरला होता,
आकाश खाली, माती वर.
दुसऱ्या रात्री सत्तेचाळीस कंटेनर उतरवले,
एकालाही पोचा नाही.
एप्रिलमध्ये कंपनी विकली. पगार ठेवला, ओव्हरटाइम काढला.
चिपळूणच्या फ्लॅटचा हप्ता मात्र जुनाच.
मग तहुराची सोयरीक मोडली.
कारण दिलं नाही त्यांनी, नसीमा म्हणाली,
मीही विचारलं नाही.
त्या रात्री मेसमध्ये बिर्याणी होती. सगळी खाल्ली.

उभा होतो मी, डॉक्टर.
हे लिहून घ्या. तिन्ही वेळा उभा होतो.

ऑक्टोबरातली एक साधी संध्याकाळ.
वाईट बातमी नाही, हवाही जरा उतरलेली.
बूट घालायला कॉटवर बसलो.
डाव्या बुटाची नाडी बांधली.
उजव्या बुटाची
बांधायची आहे हे मला माहीत होतं.
खाली बसने दोनदा हॉर्न दिला.
मला हॉर्नही माहीत होता.
सकाळी धनबहादूर पाळीवरून आला
तेव्हा मी तसाच, नाडीची टोकं दोन बोटांत धरून.
त्याने काही विचारलं नाही.
खाली वाकून गाठ मारली,
मग थोडा विचार करून दोन्ही बूट काढले.

उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी, डॉक्टर म्हणाल्या.
बाई चांगल्या आहेत, पण उंट त्यांनी गाडीतूनच पाहिला असणार.
मी पाहिलाय, लिवाच्या रस्त्याला, गवताच्या पेंढ्यांखाली.
मोडत नाही तो.
पुढचे गुडघे दुमडतो, मग मागचे, आणि बसतो.
मालक ओरडतो, दोर ओढतो,
पेंढ्या एकेक करून उतरवतो,
सगळ्या उतरवतो,
तरी बसलेलाच.

आमच्या भाषेत सगळं बसतंच.
आवाज बसतो, पाया बसतो, दुकान बसतं.
धक्का लागला तर कुणीतरी सॉरी म्हणतं,
धक्का बसला तर कुणाकडे बघायचं?

अब्बाही बसले होते. दाभोळच्या जेटीवर,
मचवा विकला त्यानंतर दोन वर्षांनी.
दोन वर्षांनी!
लोक म्हणाले नजर लागली. कुणी पाणी फुंकून दिलं.
अम्मी रोज मगरिबच्या आधी जाऊन
त्यांना घेऊन यायची,
विसरलेली छत्री आणावी तशी.

आणि धनबहादूर? त्याचं घर भूकंपात गेलं,
बायको दुसऱ्याबरोबर.
तो डाळ ढवळताना गुणगुणतो.
मग मीच का?
डॉक्टर म्हणाल्या, प्रत्येक क्रेनचा तक्ता वेगळा, तुम्हीच सांगितलंत ना.
हेही म्हणाल्या, पुढच्या वेळी याहून कमी वजन पुरेल,
गोळ्या मध्येच सोडू नका.

रेघेवर मी खूण केली नाही.
खाली कोपऱ्यात लिहिलं: नाडी.
त्यांनी वाचलं, आणि माझं मनगट हातात घेतलं.
मी घेऊ दिलं.

रात्री नसीमाचा फोन.
काय करताय?
बसलोय.
बरं केलंत, दमला असाल.
मग बराच वेळ फक्त तिकडचा पंखा.
मग, आवाज का बसलाय तुमचा?

एसीमुळे, असं म्हणणार होतो.
दर वेळी तेच म्हणतो.