गळ्याचं माप

साडेपंधरा.
म्हणजे गळा साडेपंधरा, आणि एक बोट सैल सोडून सोळा.
ते बोट माझं. चाळीस वर्षं मडगावात
मी लोकांच्या गळ्यात हेच एक बोट घालतो आहे,
अजून कुणी तक्रार केली नाही.

कॅलम दुकानात आला तो घागरा नेसूनच.
घागरा म्हणू नका, अर्मिंदाबाय पायरीवरूनच म्हणाली,
किल्ट. आठ वार लोकर आहे.
आठ. नऊवारीला एक कमी, मी मनात.
कोंबच्या नाक्यावरची पोरं दारात गोळा झाली.
मी चुण्या मोजल्या, सत्तावीस. आतली शिवण उलटून बघितली,
हाताची.
मग माझं तोंड बंद.

खालचा प्रश्नच नव्हता. खाली सगळं
त्याच्या आजोबा-पणजोबांनी ठरवून ठेवलेलं:
हिरवा चौकडा, उघडे गुडघे, मोज्यात सुरी.
भांडण गळ्याचं होतं.

अर्मिंदाबायला लेसची झालर हवी होती,
हनुवटीखाली दूध उतू गेल्यासारखी.
लेस माझ्याकडे होतीही, सायबिणीच्या झग्यातून उरलेली, सव्वा मीटर.
म्हटलं, बाय, झालरीला कोट गळ्यापर्यंत बंद लागतो, आणि हा मे महिना.
शिवाय ही लेस जिची आहे
तिला विचारल्याशिवाय मी कात्री लावणार नाही.
ती गप्प झाली. मग हसली.

मीस चारला? मग इगर्जीत लांब टाय.
दिवसाउजेडी बो वाढप्याला शोभतो, नवऱ्याला नाही.
रंग चौकड्यातलाच घ्यावा, पण मोठ्या पट्ट्याचा नको,
सगळ्यात बारीक रेघेचा, जिला कुणी विचारत नाही.
ती पिवळी निघाली, काजूच्या बोंडाची पिवळी.

सातला हॉलवर बो. आणि कॉलर?
त्याला पंखांची हवी होती, पुढची दोन टोकं दुमडलेली.
माझा बाप पोर्तुगीज अमदानीत अशा कॉलरी
कांजीत इतक्या कडक करायचा
की वकिलाला कोर्टात खाली बघता येत नसे.
पण ते वकील नाचत नव्हते.
इथं पहिल्या नाचालाच पंख गळतील,
भिजल्या कोंबडीसारखा दिसशील. साधी पडती कॉलर घे,
शर्ट मात्र दोन.

तेव्हा त्यानं खिशातून... खिसा कुठला,
पुढं टांगलेल्या चामड्याच्या पिशवीतून
एक बो काढला. काळं रेशीम, कडांना हिरवट, हातानं बांधायचा.
पायचो, तो म्हणाला.
क्रिस्तांवांच्या कोकणीत पाय म्हणजे बाप.
एवढीच कोकणी त्याला येत होती.
अर्मिंदाबाय रस्त्याकडे बघू लागली,
रस्त्यावर तर काहीच नव्हतं.

खरं सांगतो, मी जन्मात गळ्याला काही बांधलं नाही.
दुसऱ्याला समोरून बांधायला जावं तर हात उलटे पडतात.
बापाची एक युक्ती होती: आधी मांडीला बांधायचा,
गुडघ्याच्या जरा वर. घेर गळ्याएवढाच.
पँटवाले लाजतात. हा स्टुलावर बसला,
चौकडा चार बोटं वर सरकवला, झालं.
कातडी कुडतरीची, त्यावर केस तांबूस.
मी माझ्या मांडीला अस्तराची पट्टी घेतली,
त्यानं त्याच्या मांडीला पायचं रेशीम.
डावं टोक लांब. वरून. खालून. आता चिमटीत धर.
दोनदा सुटला. एकदा चपलेच्या नाडीसारखा झाला.
चौथ्यांदा बसला, एक पंख जरा मोठा.

सरळ करू? मी विचारलं.
नको, अर्मिंदाबाय म्हणाली. डंकनचाही डावा मोठाच असायचा.

रात्री शटर ओढल्यावर
तीच अस्तराची पट्टी मी आरशासमोर बांधली.
टेप लावली. साडेचौदा.
मग सवयीनं बोट घालून बघितलं,
आपल्या गळ्यात आपलंच बोट
नीट जात नाही.