घट

मांढळच्या अलीकडे, सडकेला लागून,
हिरव्या जाळीखाली आमचा मिरचीचा सातरा.
पुस्तक मी पन्नीत गुंडाळून आणते.
मुक्त विद्यापीठ, बीकॉम, वर्ष पहिलं.
वय छत्तीस; कोणी विचारत नाही,
तरी सांगते.

पुस्तकाच्या मागे अठरा पानं शब्दार्थ.
देठ खुडायला डोळे लागत नाहीत,
बोटांना कळतं.
डोळे मग रिकामेच.

लिक्विडिटी, मी मोठ्यानं वाचते,
मालमत्ता पटकन रोख होण्याचा गुण.
पारबताबाई उरकुडे पदरानं नाक पुसते.
"म्हंजे माह्या मायचे चांदीचे गोट.
कुहीच्या सोनारानं चहा मांगवला,
चहा येयाच्या आंधी पैसे हातात.
तेच व्हय ना वो?"
तेच, मी म्हणते.
"अन् घर?"
घराला वेळ लागतो.
"मंग घरच बरं," ती म्हणते,
"जे इकाले टाइम लागते
त्याच्यातच मानूस राहू शकते."
हे पुस्तकात नव्हतं.
समासात लिहून घेतलं, पेन्सिलीनं,
लाल बोटाचा ठसा लागला तिथं.

डिमांड म्हणजे नुसती इच्छा नव्हे,
खिशात ऐपत असलेली इच्छा.
यावर फुलवंता बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "सायकलीसाठी माह्या पोरानं
दोन दिवस जेवन सोडलं,
त्याले काय म्हन्ते तुह्यं पुस्तक?"
मी पानं उलटली. पुढची, मागची.
"तमाशा म्हन्ते," पलीकडून कोणी बोललं,
आणि सगळ्या हसलो,
हसता हसता खोकलो.
इथलं हसणं असंच संपतं.

गुडविल तर कुणालाच पटेना.
दिसत नाही, हाती लागत नाही,
तरी ताळेबंदात रुपयांत मांडतात,
नावाची किंमत म्हणून.
जाईबाई लांजेवार, आमच्यात सगळ्यात म्हातारी,
मान वर न करता बोलली,
"बाकीच्यायचे ढीग शेठ उसकून पायते,
माहा नाही पायत. बत्तीस वर्सं झाले.
मंग माह्या नावाचे किती मांडले वो
त्याच्या वहीत?"

साडेपाचला काटा लागतो.
दिवाणजी ढोमणे, कानात पेन, गळ्यात मफलर.
काट्यावर लाल आकडे: अकरा किलो चारशे.
दिवाणजी लिहितो: अकरा.
"चारशे घट. सुकते ना मिरची."
रोज सुकते.
पावसाळी हवेतही सुकते.

आज चौदाव्या पानावर मला तो शब्द भेटला होता,
आपल्याच गावचा माणूस
परगावच्या यष्टीत भेटावा तसा.
म्हटलं, "दिवाणजी, श्रिंकेज
मालकाच्या खात्यात धरतात की मजुराच्या?"
शब्द शिंकेसारखा निघाला तोंडातून,
मलाच दचकायला झालं.
मागची रांग थांबली.
तो माझ्याकडे नाही, पन्नीकडे पाहत राहिला.
मग काट्याकडे.
मग "पुढची या," म्हणाला.

वहीत अकराच राहिले.
पण मी सरकताना पाहिलं:
बाजूच्या उभ्या रेघेपलीकडे
त्यानं बारीक अक्षरात चारशे लिहिलं,
आणि त्यापुढे काहीच नाही.
खोडलंही नाही.

मार्जिन म्हणजे समास,
मार्जिन म्हणजे नफा.
शाळेत बाई म्हणायच्या, तिथं लिहायचं नसतं.

पेपर सव्वीस तारखेला, भिवापूरला.
आदल्या रात्री हात दह्यानं चोळीन, मग तेलानं,
तरी नखांत राहीलच थोडं.
तपासणाऱ्याच्या डोळ्याला लागलं
तर लागू दे.