आडवी रेघ

बालेवाडीला, संध्याकाळी सव्वासहाला
माझ्या हातात पॅड, पेन्सिल सुतळीनं बांधलेली
(काल एक पंच खिशात घालून घरी गेले),
आणि माझ्या वाट्याला तीन मुली:
एकशे बारा, एकशे नव्वद, दोनशे अडतीस.

महिला, दहा हजार मीटर. पंचवीस फेऱ्या.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
मेथीच्या जुडीला दोरा बांधावा तशी.
अशा पाच जुड्या बांधल्या
की बाई मोकळी.

स्टँडमध्ये माणसं शे-दीडशे.
निम्मे कोच, बाकी कुणाकुणाचे वडील,
मांडीवर डबा, नजर एकाच बनियनवर.
पलीकडे हायवे एका सुरात वाहत होता,
म्हाळुंग्याच्या बाजूला क्रेनचे लाल दिवे लागले.

एकशे बारा सोळाव्या फेरीत गवतावर बसली,
बूट काढून पोटाशी धरले तिनं.
एकशे नव्वद आठवी आली. उलटी केली, मग हसली.
पहिली आलेली केव्हाच झेंडा गुंडाळून
कॅमेऱ्यासमोर उभी होती.

ट्रॅकवर उरली दोनशे अडतीस.
यादीत नाव: अलबिना केरकेट्टा, झारखंड.
उजवा खांदा थोडा वर,
जणू काखेत एक घागर आहे
आणि ती सांडायची नाही.

अडथळे खांद्यावर घेऊन पोरं कडेला उभी.
चारशे मीटर हर्डल्स पुढे, वेळ टळून गेलेली.
आबनावे सर कानाशी आले:
"झाल्या ना हिच्या, बाई? टाका की."

मी पॅडवर पाहिलं.
चार जुड्या बांधलेल्या. पाचवीत चार काड्या,
सुट्या.

एक तिरकी रेघ. अर्धा सेकंद.
कुणी बघत नव्हतं, खरं सांगायचं तर
तिच्याकडेही कुणी बघत नव्हतं.

येरवड्याच्या शाळेत एकदा मी फेरी माफ केली होती.
संगमनेरकरांची वृषाली, अंगात कणकण,
म्हटलं बस झालं, पुरी झाली तुझी.
दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेतून हळूच म्हणाली,
"बाई, एक राहिली होती ना?"
एवढंच. पुढं ती पळायला आली नाही.

दोनशे अडतीस रेषेवर आली.
पाय थांबायच्या बेतात,
डोळे माझ्या पेन्सिलीवर.
"हो गया, दीदी?"

मी बोट वर केलं.
"एक."

तिच्या बोलीत काय म्हणतात ठाऊक नाही,
पण बोटाला भाषांतर लागत नाही.
रागावली असती तर बरं वाटलं असतं मला.
तिनं फक्त तोंड पुसलं, बनियनच्या कडेनं,
आणि गेली.

पहिल्या लेनमध्ये एक अडथळा मांडून झाला होता.
पोरानं तो उचलला, छातीशी धरून
मागं सरला, वाटेतून पाहुणा जावा तसा.
आबनावे सर घड्याळाकडे बघत राहिले, काही बोलले नाहीत.
घंटा खुर्चीखाली पडलेली होती,
वाजवायची राहूनच गेली.
ते मात्र माझं चुकलं.

चार मनोऱ्यांच्या उजेडात
तिच्या पायांतून चार सावल्या फुटल्या होत्या,
कुणी लांब, कुणी आखूड,
तिच्याबरोबर वळणावर वळणाऱ्या.
दिव्यांभोवती किडे. डब्यांपैकी एक बंद झाल्याचा आवाज.
शेवटच्या शंभरात खांदा खाली आला,
घागर सांडली असावी,
आणि ती जरा जोरात पळाली.

एक्केचाळीस मिनिटं, बावीस सेकंद.
रेघ मारताना टोक तुटलं,
अर्धी शिसाची, अर्धी नुसता ओरखडा.
सही केली. ती पाण्याकडे गेली,
माझ्याकडे पाहिलं नाही. कशाला पाहील?

डेपोतून नऊची बस मिळाली.
खिडकीशी बसले, पायात गोळे आलेले,
उभं राहूनच.
कंडक्टर आला, म्हणाला, किती?
माझं बोट आपोआप वर गेलं.