झोफ्का लेस विणते

वितोमीर, तुझे आकडे इकडे ठेव, कॉफीपासून लांब.
एक शब्द निवडायला यंत्राला
एवढे कागद लागतात म्हणतोस.
मला एवढंच कळतं,
दोरा कुठून येतो नि कुठे वळतो.

तर हे तुझं वाक्य: "खाणीतून बाबा घरी..."
इथून पुढे बॉबिनी टांगल्यात, मोजून दोनशे.
"आले" जाड दोऱ्याचं, तू म्हणालास म्हणून.
"परतले" त्याहून बारीक.
"आलेच नाहीत" इतकं तलम
की मला चष्मा दोनदा पुसावा लागला.
तो दोरा कापू नका म्हणालास,
यंत्र कापत नाही, नुसतं मागे ठेवतं.

माझ्या बाबांचे हात पाऱ्याने थरथरायचे.
चमचा तोंडाशी जाईतो सूप निम्मं सांडलेलं.
कधी बाटलीतून चोरून आणायचे थोडासा,
बशीत ओतायचे:
शंभर मणी, बोट लावलं की एक.
विचार असाच असेल का रे?
की मी आपलंच काहीतरी विणत बसलेय?
तत्त्वज्ञान शिकलायस, तू सांग.

गप्प बसलास. बरं केलंस.

आता उजेडापुढे धर.
बघ, दोरा किती थोडा, बाकी सगळी भोकं.
भोकांतून खिडकी दिसतेय,
खाणीचं बंद दार,
आणि त्या दारापुढे योझेफाची बकरी,
तुझ्या कुठल्याच आकड्यात नसलेली.

हं, आणि कोपऱ्यातली ती चुकलेली गाठ माझी आहे.
यंत्राच्या नावावर खपवू नकोस.