दिसत नसेल तर

सांगलीत, विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर
मी मदत लिहिते.
म्हणजे, अडत्यांच्या हिशेबाचं जे सॉफ्टवेअर आमचं ऑफिस विकतं
त्यात प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की जे उघडतं, ते.
कुणी वाचत नाही म्हणतात.
वाचतात. पण अडल्यावरच,
आणि तोवर चिडलेले असतात.

आवृत्त्या तीन. छोटी, मधली, मोठी.
मजकूर एकच.
कोथळेसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
तीन पुस्तकं करशील तर एकातली चूक सुधारशील,
बाकी दोनात ती तशीच म्हातारी होईल.
म्हणून फाईल एक आणि परिच्छेदांना रंग.
हिरवा फक्त मोठीचा, निळा मधलीपासून वर,
पिवळा छोटीपुरता,
बिनरंगी सगळ्यांचा.
रंग लोकांना दिसत नाहीत. लोकांना फक्त
त्यांच्या वाटणीचं दिसतं.

हरिपूरच्या पेवांसारखंच की, इरफान म्हणाला.
त्याचे आजोबा पेवात उतरायचे, हळदीची पोती काढायला.
आत अंधार एकच, चिठ्ठ्या वेगवेगळ्या पेढ्यांच्या.
आणि झाकण उघडलं की आधी कंदील सोडायचा खाली.
विझला तर उतरायचं नाही.

मार्चअखेर. फोन.
"म्याडम, तुमच्या मदतीत लिवलंय,
डावीकडचं तोलफरक बटन दाबा.
कुठं हाय ओ ते?"
तासगावचे बाळगोंडा मगदूम, बेदाण्याची अडत.
छोटी आवृत्ती, चार वर्षांपूर्वी घेतलेली.
"तीन दिस हुडकतोय. नातीला दावलं.
ती म्हणली, आजोबा, काचेवर किती धूळ हाय. पुसली.
मग मिरजेला जाऊन डोळं तपासून आलो.
नंबर वाढलाय म्हणं. साडेबाराशेचा चष्मा केला.
आता बटन सोडून समदं दिसतंय."

मी हसले नाही. म्हणजे, हसले,
फोनवर हात ठेवून, आणि मग हात काढवेना.

ओळ सापडली. बिनरंगी.
वरच्या निळ्या, खालच्या निळ्या,
मधे ही एकटी, पांढरी, सगळ्यांची असल्यासारखी.
छोटीत ते बटण कधीच नव्हतं.
त्या दिवशी माझं लक्ष कुठे होतं, आठवत नाही.
कंदील मी फक्त मोठीत सोडला होता.
तिथे तो छान जळत होता.

मगदूमांना सांगितलं, चूक माझी.
ते म्हणाले, "असूं दे. नंबर खरंच वाढला हुता."

ओळ निळी केली. दीड सेकंदाचं काम.
मग पान बंद करवेना म्हणून
अगदी वर, शीर्षकाखाली, एक नवी ओळ लिहिली:
इथे सांगितलेलं बटण तुम्हाला दिसत नसेल,
तर दोष तुमच्या डोळ्यांचा नाही.
रंग दिला नाही.

दुसऱ्या दिवशी कोथळेसाहेब खुर्चीमागे येऊन उभे.
मोठी घेणाऱ्यानं पंचेचाळीस हजार मोजलेत,
त्याला सगळी बटणं आहेत,
त्याला कशाला डोळ्यांचं सांगतेस?
चूक नव्हतं त्यांचंही.
ओळ पिवळी केली.

आता ती छोटीत दिसते.
मधलीत, मोठीत नाही.
पण मूळ फाईल मी उघडते तेव्हा
सगळंच उघडं असतं, सगळ्यांचं, सगळ्या रंगांत,
आणि ती ओळ सगळ्यात वर, हळदीच्या बोटासारखी.
कालच मधलीच्या एका बाईंचा फोन होता कवठेमहांकाळहून.
त्यांना छापा ही खूण सापडत नव्हती.
ती आहे. उजवीकडे, अगदी कोपऱ्यात.
मी तोंडानंच सांगितलं त्यांना,
आधी ते डोळ्यांचं,
मग कोपऱ्याचं.